पंधरा वर्षांच्या मुलीवरचा सिनेमा पंधरा वर्षांच्या मुलीला बघता येतो का?

पोस्टरच्या कोपऱ्यात ‘यूए १३+’ किंवा ‘यूए १६+’ असं छापलेलं आता सर्रास दिसतं. मारधाडीचा सिनेमा असेल तर त्याबद्दल कुणी फारसं विचारत नाही. गोंधळ उडतो तो वेगळ्याच सिनेमाच्या वेळी. नायिका दहावीतली, सोबत आई-बाबा, आजी आणि धाकटा भाऊ, घरभर भांडणं आणि घरभर हसू. वयात येणाऱ्या मुलीची विनोदी गोष्ट. ट्रेलर बघून वाटतं, सगळ्यांनी मिळून बघावा असा सिनेमा आहे. आणि कोपऱ्यात मात्र १६+. मग घरातली चौदा वर्षांची मुलगी विचारते, “माझ्याच वयाच्या मुलीचा सिनेमा मला का चालत नाही?”

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरळ देता येतं. त्यासाठी या आकड्याला कायद्यात काय अर्थ आहे, तो कोण ठरवतं आणि अशा सिनेमात तो कशामुळे वर जातो, हे क्रमाने बघावं लागेल.

अक्षरं आणि आकडे कुठून आले

चित्रपटगृहात दाखवायच्या प्रत्येक सिनेमाला प्रमाणपत्र लागतं. ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ देतं, म्हणजे लोक ज्याला अजूनही ‘सेन्सॉर बोर्ड’ म्हणतात ते. नावातला ‘सेन्सॉर’ १ जून १९८३ रोजीच गेला. मूळ कायदा १९५२ चा, सिनेमॅटोग्राफ अॅक्ट. १९८३ पर्यंत प्रमाणपत्रं दोनच होती: सर्वांसाठी ‘यू’ आणि फक्त प्रौढांसाठी ‘ए’. त्या वर्षी मधला ‘यूए’ आला. सिनेमा सर्वांना खुला, पण बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचा की नाही ते पालकांनी ठरवावं, असा त्याचा अर्थ होता. त्याच वेळी डॉक्टरांसारख्या विशिष्ट वर्गासाठीचा ‘एस’ही आला, पण आपल्या विषयात तो येत नाही.

हा एकच ‘यूए’ चाळीस वर्षं चालला आणि त्याच्या पोटात काहीही मावत होतं. थोडी भीतीदायक बालकथाही यूए आणि रक्तबंबाळ पोलिसपटही यूए. पाचवीतल्या आणि बारावीतल्या मुलीला एकाच मापाचा गणवेश दिल्यासारखं ते होतं. श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१६ मध्ये यूएचे १२+ आणि १५+ असे दोन भाग करा, असं सुचवलं होतं. प्रत्यक्षात बदल झाला तो २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने. राष्ट्रपतींची संमती ४ ऑगस्ट २०२३ ला मिळाली आणि नवे नियम १५ मार्च २०२४ ला अधिसूचित झाले. तेव्हापासून यूएच्या तीन पायऱ्या आहेत: ७+, १३+ आणि १६+. ओटीटीसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांत याच पायऱ्या आधीपासून होत्या. आता पडद्याची आणि मोबाइलची भाषा एक झाली.

सल्ला वेगळा, मनाई वेगळी

बहुतेक गैरसमज इथेच होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

घाटात पिवळी पाटी असते, ‘पुढे वळण आहे’. ती गाडी थांबवत नाही, चालवणाऱ्याला सावध करते. गावात लाल पाटी असते, ‘प्रवेश बंद’. तिथे कितीही निष्णात चालक असला तरी गाडी आत नेता येत नाही.

यूए ७+, १३+ आणि १६+ या पिवळ्या पाट्या आहेत. त्या वयाखालच्या मुलाला हा सिनेमा दाखवायचा की नाही, याचा विचार पालकांनी करावा, एवढंच त्या सांगतात. यूए १६+ सिनेमाला चौदा वर्षांची मुलगी गेली तर या कायद्याचा भंग होत नाही. ओळखपत्र बघून तिला दारातून परत पाठवण्याचं बंधन या आकड्यामुळे चित्रपटगृहावर येत नाही.

‘ए’ ही लाल पाटी आहे. अठरा पूर्ण नसलेल्या व्यक्तीला ‘ए’ सिनेमा दाखवणं हा गुन्हा आहे आणि तो दाखवणाऱ्याचा गुन्हा आहे. आई-बाबा शेजारी बसले तरी, त्यांनी लेखी संमती दिली तरी फरक पडत नाही. सतरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यावरचा सिनेमा ‘ए’ झाला, तर सतरा वर्षांच्या एकाही मुलीला तो चित्रपटगृहात बघता येणार नाही.

म्हणून आकड्यांमधला फरक बघताना १३+ आणि १६+ यांच्यातल्या अंतराची फार चिंता करू नये. दोन्ही सल्लेच आहेत. खरी दरी १६+ आणि ‘ए’ यांच्यामध्ये आहे. किशोरवयीन मुलींवर सिनेमा करणाऱ्यांची झोप उडते ती त्या दरीपाशी.

नायिकेचं वय कुणी मोजत नाही

‘नायिका पंधराची, मग सिनेमा पंधराच्या मुलींना चालायलाच हवा’ हे तर्काला पटतं, पण प्रमाणपत्र तसं दिलं जात नाही. पात्राचं वय हा निकष नाही, आणि विषयसुद्धा एकट्याने निकष ठरत नाही. चित्रपट दिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदर्शनपूर्व तपासणी वैध ठरवली. पण त्याच निकालात एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली: कात्री लागावी ती विषयाला नव्हे, तो ज्या रीतीने हाताळला त्याकडे बघून. केंद्र सरकारची १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की सिनेमा अखंड बघावा, त्याचा एकूण परिणाम तपासावा, तो ज्या काळातला आणि ज्या लोकांबद्दलचा आहे त्याचं भान ठेवावं. ‘यू’ साठीची कसोटी मात्र याच तत्त्वांनी स्पष्ट ठेवली आहे: घरातल्या सगळ्यांना, लहान मुलांसकट, एकत्र बसून बघता यावा.

वयात येणाऱ्या मुलीच्या गोष्टीत ठरावीक प्रसंग येतातच. त्यातले चार घेऊन बघू.

पहिला, पाळी. घरात पूजा आहे, पाहुणे आलेत आणि नेमकी पहिली पाळी येते. आजीचे नियम, आईची धावपळ, बाबांचं दुकानात जाऊन गोंधळणं. यात विनोद आहे आणि माहितीही. पाळीचा उल्लेख केल्याने सिनेमा मोठ्यांचा होतो, असं कुठल्याही तत्त्वात लिहिलेलं नाही. समंजसपणे लिहिलेला असा प्रसंग खालच्या पायऱ्यांवर बसायला हरकत नसावी. बाबांच्या तोंडी मुलीला किंवा बायकांना हीन लेखणारी वाक्यं आली आणि सिनेमा त्या वाक्यांच्या बाजूने उभा राहिला, तर अडचण येते. स्त्रियांची अवहेलना करणाऱ्या दृश्यांबद्दल तत्त्वांमध्ये वेगळं कलम आहे.

दुसरा, शिवी. आईशी भांडताना मुलीच्या तोंडून एक सणसणीत शब्द निसटतो आणि जेवणाचं टेबल गप्प होतं. आपल्याकडे ‘अमुक शब्द इतक्या वेळा आला की तमुक प्रमाणपत्र’ असं मोजमाप लिहिलेलं नाही. शब्द किती जहाल आहे, किती वेळा येतो, तो रागाचा आहे की लैंगिक अर्थाचा आणि घरातले त्याला कसे सामोरे जातात, हे सगळं मिळून ठरतं. एकदाच निसटलेला शब्द आणि दर पाचव्या मिनिटाला येणारा शब्द यांचा परिणाम वेगळा होतो.

तिसरा, गच्चीवरची सिगारेट. मैत्रिणीबरोबर पहिला झुरका, मग खोकला आणि जिन्यात बाबा. धूम्रपानाला प्रोत्साहन देणारं किंवा त्याचं उदात्तीकरण करणारं दृश्य नको, असं तत्त्व आहे. खोकून बेजार होणारी मुलगी उदात्तीकरण करत नाही. तोच झुरका संथ गतीत, मागे गाणं आणि मैत्रिणींच्या कौतुकाच्या नजरा अशा थाटात घेतला की अर्थ उलटतो. प्रसंग तोच राहतो, आकडा मात्र एक पायरी वर सरकू शकतो.

चौथा, पहिलं प्रेम. हा सगळ्यांत नाजूक, आणि इथे केवळ प्रमाणपत्राचा प्रश्न राहत नाही. पात्र अठराच्या खालचं असेल तर लैंगिक स्वरूपाचं चित्रण पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. ‘अभिनेत्री वीस वर्षांची आहे’ हा बचाव पुरेसा मानून चालू नये, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतरची व्याख्या बालक भासेल अशा चित्रणापर्यंत पोचते. हातात हात, न पाठवलेला मेसेज, रिक्षात शेजारी बसताना धडधडणारं काळीज, यांवर अख्खा सिनेमा उभा राहतो आणि तो अधिक खराही वाटतो. कॅमेरा मुलीच्या चेहऱ्यावर असेल तर आपण तिच्यासोबत असतो. तो तिच्या शरीरावर गेला की आपण तिच्याकडे बघणारे होतो. चांगल्या आणि वाईट दिग्दर्शनातला फरक बऱ्याचदा याच ठिकाणी असतो, आणि परीक्षण करणाऱ्यांनाही तो दिसतो.

‘पण हा तर विनोदी सिनेमा आहे’

विनोद असला की सगळं हलकं होतं, हा समज अर्धाच खरा आहे. भीती, राग, मारामारी यांची धार हसण्याने कमी होते. आई चप्पल घेऊन मागे धावते आणि मुलगी सोफ्यावरून उडी मारते, हे मारहाण म्हणून कुणाला बोचत नाही.

पण हसू मान्यताही देतं. ज्या गोष्टीवर सगळं प्रेक्षागृह एकत्र हसलं ती गोष्ट लहान मुलाच्या मनात ‘चालते’ या खात्यात जमा होते. मुलीच्या वजनावरून किंवा रंगावरून काका टोमणे मारतो आणि सिनेमा काकाच्या बाजूने हसतो, तर तो विनोद बारा वर्षांच्या मुलीला गंभीर दृश्यापेक्षा जास्त लागतो. ‘मला मरूनच जायचंय’ हे भांडणातलं वाक्यही असंच. मोठ्यांना तो आदळआपटीचा भाग वाटतो. लहान मूल ते ऐकून उचलतं. हसू नक्की कुणावर आहे, हा प्रश्न लेखकाने प्रत्येक विनोदाला विचारायला हवा.

प्रमाणपत्र मिळतं कसं

अर्ज ई-सिनेप्रमाण या मंडळाच्या संकेतस्थळावर होतो. मंडळाचं मुख्यालय मुंबईत आणि प्रादेशिक कार्यालयं नऊ: मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, तिरुवनंतपुरम, दिल्ली, कटक आणि गुवाहाटी. मंडळाच्या सल्लागार पॅनेलवरचे सदस्य आणि एक अधिकारी मिळून सिनेमा बघतात. याला एक्झामिनिंग कमिटी म्हणतात. प्रत्येक सदस्य आपलं मत लेखी देतो: कोणतं प्रमाणपत्र द्यावं, कुठे बदल हवा आणि का. निर्मात्याला म्हणणं मांडायची संधी असते.

निर्णय पटला नाही तर रिव्हायझिंग कमिटीकडे जाता येतं. तिथे वेगळे सदस्य सिनेमा पुन्हा बघतात. पूर्वी त्यानंतर अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण होतं. ते एप्रिल २०२१ मध्ये रद्द झालं. आता पुढची पायरी थेट उच्च न्यायालय. मोठ्या निर्मात्याला हे झेपतं. छोट्या सिनेमाची प्रदर्शनाची तारीख ठरलेली असते, पडदे मिळालेले असतात, आणि कोर्टात जाण्याइतका वेळ आणि पैसा नसतो. मग सुचवलेले बदल मुकाट्याने केले जातात. न्यायाधिकरण गेल्याचा फटका सगळ्यांत जास्त अशाच छोट्या, घरगुती गोष्टी सांगणाऱ्या सिनेमांना बसतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्या नियमांमध्ये एक चांगली गोष्टही आहे. मंडळावर किमान एक तृतीयांश आणि शक्यतो निम्म्या महिला असाव्यात, असं त्यांत म्हटलं आहे. मुलीच्या वयात येण्याची गोष्ट जोखताना त्या खोलीत कोण बसलंय, याने फरक पडतो. प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदतही गेली, आता ते कायमचं असतं.

ट्रेलरला वेगळं प्रमाणपत्र लागतं, हे नवखे निर्माते हमखास विसरतात. आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर सिनेमात परस्पर काही घालता किंवा काढता येत नाही, मंडळाला कळवावं लागतं.

कात्री लागली की विनोद का मरतो

थरारपटातलं एक दृश्य चार सेकंदांनी कमी झालं तर बहुतेकांना कळत नाही. विनोदी सिनेमात अर्धा सेकंद गेला तरी कळतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, म्हणजे अर्धा सेकंद फक्त १२ फ्रेम्स. विनोदाचे तीन भाग धरा: तयारी, थांबा आणि फटका. मधला थांबा कापला तर फटका लवकर पडतो आणि प्रेक्षक हसायला तयार नसतो. फटकाच कापला तर उरलेली तयारी निरर्थक बडबड होते.

जेवणाच्या टेबलावरची शिवी परत घ्या. शब्द म्यूट केला. पुढच्या शॉटमध्ये आजीचा घास हातातच थांबतो, भावाचे डोळे विस्फारतात. कारण नाहीसं झालं आणि परिणाम तेवढा राहिला. त्याजागी ‘बीप’ टाकली तर आणखी बिघडतं, कारण बीप ऐकून प्रत्येक जण मनात आपल्याला माहीत असलेला सगळ्यांत वाईट शब्द भरतो. सौम्य शिवीदेखील बीपखाली जहाल होते.

दुसरं नुकसान लांबच्या धाग्यांचं. वयात येण्याच्या गोष्टीत फळ उशिरा येतं. चाळिसाव्या मिनिटाला गच्चीवर सिगारेट, आणि दीड तासाने बाबा त्याच गच्चीवर येऊन आपल्या कॉलेजातली चूक मुलीला सांगतात. पहिला प्रसंग कापला की शेवटचा हवेत लटकतो. कापणाऱ्याने एक मिनिट काढलेलं असतं, पण बाप-लेकीचं अख्खं नातं निसटलेलं असतं.

जाणकार लोक याची सोय शूटिंगच्या वेळीच करून ठेवतात. जोखमीच्या प्रत्येक वाक्याचा एक सौम्य टेक घ्यायचा, त्याच लयीत आणि त्याच भावात. दुसऱ्या शब्दाने ओठांची हालचाल जुळत नाही, म्हणून वाक्य ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा शॉटही घ्यायचा, म्हणजे नंतर शब्द बदलता येतो आणि तोंड दिसत नाही. प्रत्येक जागी निदान तीस सेकंद रूम टोन रेकॉर्ड करायचा. रूम टोन म्हणजे कुणी बोलत नसताना त्या खोलीचा जो बारीक आवाज असतो तो, पंख्याची घरघर, दूरची रहदारी. तो नसेल तर म्यूट केलेल्या जागी कान बसल्यासारखी काळी शांतता येते. संवाद, संगीत आणि इतर आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवायचे. तिन्ही एकत्र मिसळून टाकले असतील तर एक शब्द काढताना मागचं गाणंही तुटतं.

आणि सबटायटल्स. आवाजात शब्द बदलला, खाली पट्टीत जुनाच राहिला, असं वरचेवर होतं. त्यासाठी चित्रपटगृहाची डिजिटल प्रत, म्हणजे डीसीपी, पुन्हा काढायची वेळ येते.

शूटिंगआधीच ठरणाऱ्या गोष्टी

काही गोष्टी प्रमाणपत्राच्या दारात उभं राहिल्यावर निस्तरता येत नाहीत.

तंबाखू दिसली की तंबाखू नियंत्रणाचे नियम लागू होतात: सुरुवातीला आणि मध्यात किमान तीस सेकंदांचा आरोग्य संदेश, वीस सेकंदांची दृक्श्राव्य सूचना आणि सिगारेट पडद्यावर असेपर्यंत खाली ठळक इशारा. गच्चीवरच्या हळव्या दृश्यात खाली पट्टी झळकणार, हे धरूनच शॉटची चौकट ठरवावी. प्रसंग गोळ्या-बिस्किटं चोरून खाण्यावरही तितकाच उभा राहत असेल तर सिगारेट न घेतलेली बरी.

घरात कुत्रा किंवा मांजर आहे? विनोदी कुटुंबात असतंच. प्राण्याच्या वापरासाठी भारतीय पशू कल्याण मंडळाची शूटिंगपूर्व परवानगी आणि नंतर ना-हरकत पत्र लागतं. ते नसेल तर सिनेमा अडतो.

धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असेल तर बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे नियम लागतात. चौदा वर्षांखालच्या कलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. सलग २७ दिवसांवर कामाला मनाई आहे. जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मिळकतीच्या किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्या मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. पंधरा वर्षांची नायिका या नियमांतल्या ‘बालक’ व्याख्येत बसत नाही, ती कायद्याने किशोरवयीन धरली जाते. तरीही तिच्या शाळेचे आणि झोपेचे तास सांभाळणं हे निर्मात्याचं कर्तव्यच आहे.

हा पेच फक्त आपल्याकडचा आहे का?

नाही. अमेरिकेत २०१८ साली ‘एट्थ ग्रेड’ नावाचा सिनेमा आला. तेरा वर्षांची मुलगी, एकटा सांभाळणारा बाप आणि शाळेच्या शेवटच्या आठवड्यातली तिची घालमेल. त्याला ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना पालक किंवा प्रौढ सोबत असल्याशिवाय प्रवेश नाही. कारणांमध्ये भाषा होती. तिकडे ‘एफ’ने सुरू होणारी ती शिवी एकाहून जास्त वेळा आली की सिनेमा साधारणपणे ‘आर’ होतो. नायिकेच्या वयाच्या मुली शाळेत हाच शब्द रोज ऐकतात, पण नियम शब्द मोजतो. वितरकांनी मग ८ ऑगस्ट २०१८ रोजी पन्नासही राज्यांत एकेक मोफत खेळ ठेवला आणि त्या खेळांना वयाची अट लावली नाही.

यातली तुलना लक्षात घेण्यासारखी आहे. अमेरिकेतला ‘आर’ निदान बापाचा हात धरून आलेल्या मुलीला आत घेतो. आपला ‘ए’ घेत नाही. उलट आपल्या १६+ मध्ये पालकाला जितकी मोकळीक आहे तितकी ‘आर’मध्ये नाही, कारण आपल्याकडे मुलगी एकटी गेली तरी चालतं. शब्द न मोजता एकूण परिणाम बघायचा, ही आपली पद्धत तत्त्वतः जास्त शहाणी आहे. तिचा तोटा असा की दोन कमिट्या एकाच सिनेमाकडे वेगळ्या नजरेने बघू शकतात आणि निर्मात्याला आधी अंदाज बांधता येत नाही.

‘मुली मोबाइलवर सगळं बघतातच, मग आकड्याचा उपयोग काय?’

मोबाइलवर ती एकटी बघते आणि आपल्याला कळतही नाही. आकडा पालकाला आधी सांगतो. शिवाय ओटीटीवर सिनेमाला मंडळाचं प्रमाणपत्र लागत नसलं, तरी २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीने स्वतः वर्गवारी करायची असते. यूए १३+ आणि वरच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलपाची सोय द्यावी लागते, ‘ए’ साठी वयाची खात्री करणारी यंत्रणा लागते. हे कुलूप अॅपच्या सेटिंगमध्ये असतं आणि आपण चालू केल्याशिवाय चालू होत नाही.

‘१६+ म्हणजे त्यात काहीतरी घाणेरडं असणार’

तसं नाही. विषयाचं ओझं, रागाची तीव्रता, घरातलं दुःख, नशेचा उल्लेख, यांतलं काहीही त्या आकड्यामागे असू शकतं. सिनेमा चांगला की वाईट, हेही आकडा सांगत नाही. ‘यू’ सिनेमा मुलीला तुच्छ लेखणारा असू शकतो आणि १६+ सिनेमा तिला अतिशय सन्मानाने वागवणारा असू शकतो.

‘टीव्हीवर आला तेव्हा तर सगळे मिळून बघत होतो’

तो कदाचित तोच सिनेमा नव्हता. टीव्हीवर फक्त सर्वांना खुल्या गटातले, म्हणजे यू आणि यूए, सिनेमे दाखवता येतात. ‘ए’ सिनेमा टीव्हीवर न्यायचा तर त्यात बदल करून नवं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि २०२३ च्या दुरुस्तीने ही वाट कायद्यातच आणली. त्यामुळे एकाच सिनेमाच्या दोन आवृत्त्या असू शकतात, एक चित्रपटगृहातली आणि एक दिवाणखान्यातली. लांबी बघितली तरी फरक कळतो.

मग चौदा वर्षांच्या मुलीला १६+ सिनेमाला न्यायचं का?

कायदा अडवत नाही, म्हणून निर्णय घरचा आहे. जाहिरातीत आणि पोस्टरवर वर्गवारी दाखवणं बंधनकारक आहे, तेव्हा तिकीट काढण्याआधी ती बघावी. सिनेमा ओटीटीवरही असेल तर तिथे कार्यक्रमाच्या सुरुवातीला वर्गवारीसोबत आशयाचं थोडक्यात वर्णन द्यावं लागतं: भाषा, हिंसा, नशा वगैरे. आकड्यापेक्षा ते वर्णन कामाचं, कारण एका घरात शिवीचा प्रश्न नसतो पण मृत्यूचा असतो, दुसऱ्या घरात नेमकं उलट. धाकटं भावंड सोबत येणार असेल तर मोठीच्या वयाने ठरवू नका, धाकट्याच्या वयाने ठरवा. शक्य असेल तर घरातल्या एका मोठ्याने आधी बघून यावं. आणि सोबत बघायचं ठरलं तर परतीच्या वाटेवर आपण गप्प राहावं. गच्चीवरच्या प्रसंगाबद्दल पहिला शब्द तिला काढू द्यावा.